गाळलेल्या जागा

इचलकरंजीत ज्यांनी आयुष्य मागांच्या शेडमध्ये काढलं, त्यांच्या कानांचं पुढं काय होतं हे त्या गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भरतेश मगदूम वीव्हिंग मास्टर होते. धोट्याचे जुने माग गेले, हवेच्या झोतावर चालणारे नवे आले, तरी आवाज काही गेला नाही. त्याचा फक्त सूर बदलला. निवृत्त होईपर्यंत त्यांची अवस्था अशी झाली, की सगळं गाव तोंडात सुपारी धरून बोलतंय असं त्यांना वाटायचं. आवाज यायचा, शब्द यायचा नाही.

आणि त्यांची बायको त्रिशला तर बोलण्यासाठीच प्रसिद्ध. ती घरातून साड्या विकायची, आधी ओळखीच्या बायकांना, मग मोबाइलवर लाइव्ह. गिऱ्हाइकं साडी बघायला कमी आणि तिचं ऐकायला जास्त यायची. तिच्या तोंडी लाल हा नुसता लाल कधी नसायचा. तो डाळिंबी असायचा, नाहीतर कुंकवी, नाहीतर विटकरी. कोनफळी आणि वांगी हे एकच रंग समजणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत फारसं चांगलं नसायचं.

अशा बाईच्या नवऱ्याला ऐकू येईनासं झालं. सुरुवातीला ती प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा ओरडून. पण ओरडून सांगितलेल्या वाक्यात माया राहत नाही. 'भाजीत मीठ बरोबर आहे का' हेसुद्धा भांडण वाटायला लागतं. भरतेश तिच्या ओठांकडे बघत बसायचे, अंदाज बांधायचे, चुकायचे. शेवटी नुसतं 'हं' म्हणायची सवय लागली. मग ती जेवण वाढलंय, दार लावा, गोळी घेतली का, एवढ्यावर आली. बाकीचं सगळं बोलणं गिऱ्हाइकांच्या वाट्याला गेलं आणि भरतेश समोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसायला लागले.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रणोती हैदराबादला नोकरी करायची. तिनंच एकदा हट्टानं दोघांना मुजावर मॅडमच्या दवाखान्यात पाठवलं. नफीसा मुजावर गावातल्या कानाच्या तज्ज्ञ. निम्मी इचलकरंजी त्यांची पेशंट. त्यांनी टेबलावर एक छोटी डबी ठेवली. आत करंगळीच्या नखाएवढी दोन यंत्रं होती. नाव 'कर्णिका'.

"असली दोन घरी कपाटात पडल्यात," भरतेश म्हणाले. "नुसता आवाज मोठा करतात. तोंडात सुपारी ती सुपारीच."

मॅडम हसल्या आणि खुर्ची पुढं ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "काका, कानाच्या आत बारीक केस असलेल्या पेशी असतात. जाड आवाजाच्या वेगळ्या, बारीक आवाजाच्या वेगळ्या. मागांनी तुमच्या बारीक आवाजाच्या पेशी खाल्ल्यात. आ, ई, ओ हे जाड आवाज, ते तुम्हाला येतात. पण स, श, ख, फ हे नुसत्या हवेचे आवाज, ते गेले. म्हणून कुणी साखर म्हटलं काय आणि भाकर म्हटलं काय, तुम्हाला एकच."

"मग हे काय करणार?"

"हे तुमच्या वतीनं ऐकणार. समोरचा बोलला, की आधी त्याचा शब्द ओळखणार. मग तोच शब्द, त्याच माणसाच्या आवाजात, पण तुमच्या कानाला झेपेल अशा पट्टीत पुन्हा म्हणणार. मूळ आवाज बाहेरच अडवणार. मध्ये कुणी आहे हे तुम्हाला कळणारपण नाही."

"आणि ह्यालाच नीट ऐकू नाही आलं तर? घरात कुकर असतोय, मिक्सर असतोय."

"तर हे गाळलेल्या जागा भरणार. त्याला पूर्ती म्हणतात. वाक्याचा मागचापुढचा भाग बघून, बोलणारा माणूस एरवी काय म्हणतो ते बघून अंदाज करतं. रोजच्या सहवासातल्या माणसाचं बोलणं हे ऐकून ऐकून शिकतं." मॅडम त्रिशलाकडे वळल्या. "काकू, तुम्ही जितकं जास्त बोलाल तितका त्याचा अंदाज पक्का."

"मग त्याची काळजीच नको," त्रिशला म्हणाली.

परत येताना रिक्षात ती नवऱ्याकडे झुकली आणि पुढच्या स्कूटरवरच्या बाईबद्दल काहीतरी कुजबुजली. भरतेश मोठ्यानं हसले. हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बायकोचं कुजबुजणं आपण कितीतरी वर्षांनी ऐकलं. ओरडून सांगता न येणाऱ्या गोष्टी संसारात फार असतात. त्या सगळ्या इतकी वर्षं साठून राहिल्या होत्या, त्या आता बाहेर यायला लागल्या. शेजारच्या घरातलं राजकारण, बेळगावच्या बहिणीच्या सुनेचं वागणं, प्रणोतीच्या लग्नाची काळजी, कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल. भरतेश ऐकायचे आणि उत्तरं द्यायचे. ती स्वयंपाकघरातून बोलायची, ते बाहेरच्या खोलीतून. तिच्या ओठांकडे बघायची गरजच उरली नाही. पेपर वाचता वाचता, झाडांना पाणी घालता घालता, कपडे वाळत टाकता टाकता गप्पा. निवृत्तीनंतरची ती दोन-तीन वर्षं त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांपेक्षाही चांगली गेल्यासारखी वाटली.

मधल्या काळात काही बदल झाले, पण ते वयाला धरून होते. त्रिशलानं लाइव्ह विक्री बंद केली. 'आता पुरे झालं, दगदग होते' असं ती म्हणाल्याचं भरतेशनी ऐकलं. महिला मंडळात जाणं कमी झालं, मग थांबलं. बहिणीचे फोन ती घ्यायचीच नाही, भरतेशच्या हातात द्यायची. ते बोलले, की आपण बाजूला बसून मान डोलवायची. प्रणोतीशी मात्र बोलायची, 'जेवलीस का, बरी आहेस ना, काळजी घे' एवढंच. भरतेशना त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट बायको आता जगापेक्षा आपल्याशी जास्त बोलते ह्याचं त्यांना मनातून सुख वाटायचं.

कधी कधी लहानसं काहीतरी चुकायचं. तिनं दही आणायला सांगितलं म्हणून ते दही आणायचे, आणि ती पिशवीत बघून क्षणभर तशीच उभी राहायची. मग काही न बोलता दही वाटीत काढायची. एका हिवाळ्यात ती वरचेवर म्हणायची, 'डोकं दुखतंय हो, झोप नीट झाली नाही.' भरतेश बामची बाटली घेऊन तिच्या उशाशी बसायचे आणि कपाळावर डावीकडून उजवीकडे सावकाश चोळायचे. ती डोळे मिटून घ्यायची. त्यांनी रक्तदाब तपासून घेतला, तो चांगला निघाला. पुढं तिचं डोकं दुखायचं थांबलं. म्हणजे तिनं तसं म्हणायचं थांबवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रणोती बऱ्याच दिवसांनी घरी आली. दुपारी तिघं जेवायला बसले. भरतेशनी भाकरीचा तुकडा मोडला तेवढ्यात त्रिशला म्हणाली, "अहो, वरच्या टाकीचा कॉक गळतोय, प्लंबरला सांगितलं का?"

"सांगितलंय की. उद्या येतो म्हणालाय."

आमटी वाढणारा प्रणोतीचा हात थांबला. "पप्पा, आई काय म्हणाली?"

"टाकीच्या कॉकचं विचारत होती."

"टाकी म्हणाली?"

"आता तुझ्यासमोरच म्हणाली नव्हं का. तुझं लक्ष कुठाय?"

प्रणोती आईकडे वळली. "आई, परत सांग ना." त्रिशलानं ताटातला भात एकीकडून दुसरीकडे केला.

"पप्पा," प्रणोती हळू म्हणाली, "आई म्हणाली, 'अहो, ते वरचं... ते हे... त्याला... सांगितलं?' एवढंच म्हणाली. मी सकाळपासून बघतेय. एक वाक्य तिचं पुरं होत नाही, आणि तुम्ही प्रत्येकाला उत्तर देताय. मला आधी वाटलं, तुम्हाला सवयीनं कळतंय."

"काहीतरीच बोलू नकोस."

"कर्णिकाची पूर्ती बंद करते. तुमचा मोबाइल द्या. राग मानू नका."

"नको," त्रिशला म्हणाली. तो शब्द स्वच्छ होता.

पण प्रणोतीनं पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि मोबाइलवर बोट फिरवलं. आता यंत्र नुसता आवाज मोठा करत होतं, जुन्या यंत्रांसारखं. भरतेशनी पाट पुढं सरकवला आणि बायकोसमोर बसले. "बोल की काहीतरी."

त्रिशला त्यांच्याकडे बघत राहिली. "काय... बोलू." मग बराच वेळ काही नाही. "मला ते... येतं. येतं आणि... जातं."

शब्द त्यांना अर्धेच ऐकू आले, म्हणून ते तिच्या ओठांकडे बघत होते, पूर्वी बघायचे तसे. ओठ हलायला लागायचे, मध्येच थांबायचे, आणि तिची नजर वर जायची, जणू हवा असलेला शब्द तिथं माळ्यावर ठेवलाय आणि हात पोचत नाही. हे आजचं नव्हतं. हे बऱ्याच दिवसांचं होतं, आणि एकाच घरात राहून, दिवसभर तिच्याशी बोलून, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

ते उठले आणि हात धुवायला गेले. ताटातली भाकरी तशीच राहिली.

मुजावर मॅडमनी यंत्रं तपासली आणि डबीत ठेवली.

"यंत्र बिघडलेलं नाही, काका. त्याला दिलेलं काम त्यानं फार नीट केलं. अडखळणं, अं-अं करणं, अर्धा शब्द, हे सगळं ते गोंगाट समजून काढून टाकतं. आम्हीच त्याला तसं शिकवलंय. काकूंच्या वाक्यात जागा वाढत गेल्या, तशा त्यानं जास्त भरल्या. आणि भरलेली वाक्यंपण काकूंचीच समजून त्यावरून पुढचं शिकत गेलं. अनोळखी माणसाचं अडलं तर ते 'कळलं नाही' असं कानात सांगतं. घरच्या माणसाचं त्याला कधी अडतच नाही."

"मग मी कुणाशी बोलत होतो?"

मॅडमनी डबीचं झाकण लावलं. "काकूंशीच. पण दोन वर्षांपूर्वीच्या."

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांनी त्रिशलाला चित्रं दाखवली. कुलूप, कंदील, कासव. तिनं कुलूप उघडण्याची खूण केली, कंदील कसा धरतात ते दाखवलं, कासव बघून हसली. नावं आली नाहीत. डॉक्टर तिच्याशीच बोलले, तिला वगळून नवऱ्याशी नाही, हे भरतेशना बरं वाटलं. ते म्हणाले, "तुमची आठवण शाबूत आहे. माणसं, रस्ते, व्यवहार सगळं तुम्हाला कळतं. पण मेंदूतला एक भाग झिजतोय, त्यामुळं वस्तूला तिचा शब्द सापडत नाही. हे थांबवणारं औषध अजून नाही. सावकाश करणारं आहे, आणि बोलण्याचे व्यायाम आहेत." मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून सुरू झालं?"

कुणालाच सांगता येईना.

"घरात सोबत कोण असतं?"

"मी," भरतेश म्हणाले.

डॉक्टरांची नजर त्यांच्या कानाकडे गेली आणि त्यांनी पुढं काही विचारलं नाही. आधी आला असतात तर थोडा जास्त वेळ हाताशी राहिला असता, एवढंच म्हणाले, तेही दोष न देता.

मुजावर मॅडमनी कर्णिकाची मांडणी बदलून दिली. बाकी सगळ्यांसाठी पूर्ती चालू, फक्त त्रिशलाच्या आवाजासाठी बंद. त्यामुळं घरात मोठी विचित्र अवस्था आली. दूधवाला स्वच्छ ऐकू यायचा, प्रणोती स्वच्छ ऐकू यायची, टीव्हीवरचा बातम्या देणारा अनोळखी माणूस स्वच्छ ऐकू यायचा. फक्त बायको तुटक. आणि इतके दिवस जी दिवसभर बोलत होती ती एकदम गप्प झाली. घर इतकं शांत झालं, की भरतेश उगाचच नळ उघडा आहे का ते बघायला जायचे.

एका संध्याकाळी ते गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. त्रिशला वर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि त्यांच्या कानाकडे बोट केलं.

"ते... लावा."

"लावलंय की."

"तसं नाही. पहिलं... पहिल्यासारखं."

त्यांना समजलं. "अगं, ते तुझ्या नावानं स्वतःच बोलत होतं. खोटं होतं ते."

"असू दे."

ती शेजारी बसली. खाली रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती. भरतेशनी तिच्याकडं तोंड करून खुर्ची वळवली. "तुला ठाऊक होतं? मला भलतंच ऐकू येतंय ते?"

तिनं मान डोलवली. होतं.

"मग मला सांगायचं नाही का, त्रिशला?" आवाज त्यांनी ठरवला होता त्यापेक्षा चढला.

"सांगितलं," ती म्हणाली.

"कधी?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. ओठ हलले, थांबले, नजर वर गेली, रिकामी परत आली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग तिनं हात उचलला, दोन बोटं स्वतःच्या कपाळावर ठेवली, आणि डावीकडून उजवीकडे सावकाश चोळली.

भरतेश त्या बोटांकडे बघत राहिले.

त्या हिवाळ्यात ती काय म्हणाली असेल ते आता शोधून सापडणार नव्हतं. डोक्यातनं काहीतरी जातंय, शब्द राहत नाहीत, असं काहीतरी म्हणाली असेल, तुटक तुटक. यंत्राला त्यातलं 'डोकं' तेवढं सापडलं असेल. मग ती आजवर डोक्याबद्दल जे म्हणत आली होती ते त्यानं पुढं जोडलं आणि एक नीट, साधं, काळजी न करण्याजोगं वाक्य त्यांच्या कानात सोडलं. तिनं आयुष्यातली सगळ्यात भीतीची गोष्ट नवऱ्याला सांगितली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि नवरा दर वेळी बामची बाटली घेऊन आला.

"आणि तू गप्प पडून राहिलीस," ते म्हणाले.

"बरं... वाटायचं." तिनं कपाळाला हात लावला. "तुमचा हात."



"बाकीचे असं... बघतात," ती म्हणाली, आणि डोकं एका बाजूला कलवून कीव करणाऱ्या माणसाचा चेहरा करून दाखवला. नक्कल अजून तिला झकास जमत होती. "बहीण. त्या... मंडळातल्या. सगळ्या. तुम्ही... नाही. तुम्ही... बोलायचा."

म्हणजे तिला तो आडोसा हवा होता. सगळं जग तिच्या अडखळण्याकडे बघत असताना एक माणूस असा होता, ज्याच्यापुढं ती अजून पूर्वीचीच होती. आपण फसत होतो, आणि आपल्या फसण्यात ती विसावा घेत होती. तिच्यावर रागवावं, की स्वतःवर, की त्या नखाएवढ्या वस्तूवर, हे भरतेशना ठरवता येईना. मग त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली, आणि तिचा हात धरला.

"हे बघ. मला वेळ लागंल. मला ऐकू येत नाही, तुला सापडत नाही. पण घाई कुणाला हाय?"

तिनं खांदे उडवले. रुसलेल्या माणसासारखे उडवले, पण हात काढून घेतला नाही.

प्रणोतीनं हैदराबादला कळवून घरूनच काम करायची परवानगी काढली होती. आई गप्प राहते हे तिला बघवेना. तिनं मुजावर मॅडमना गाठलं आणि विचारलं, की यंत्राला आई काय म्हणेल ते इतकं कळतं, तर ते आईलाच का नाही सांगत? मॅडमना ते पटलं. भरतेशच्या यंत्रानं शिकलेलं सगळं त्यांनी त्रिशलाच्या मोबाइलवर उतरवून दिलं. तिनं दोन शब्द उच्चारले, की मोबाइल तिला दोन-तीन वाक्यं दाखवायचा आणि तिच्याच जुन्या आवाजात हळूच वाचून दाखवायचा. हवं ते वाक्य तिनं बोटानं दाबलं, की तेच मोठ्यानं बोललं जायचं. नको असेल तर मान हलवायची, मोबाइल गप्प. तिनं दाबल्याशिवाय एक शब्दही बाहेर जायचा नाही.

पहिले काही दिवस तिनं त्याला हात लावला नाही. मग एकदा भाजीवाल्यानं भेंडी जून दिली, आणि तिनं पिशवीतून मोबाइल काढून दाबला तसा तिचा खणखणीत आवाज निघाला, "ही तुमच्या घरी कराल का? मग मला कशाला घालताय?" भाजीवाला वरमला. त्रिशला घरी आली ती खुशीत. संध्याकाळी तिनं आपणहून बेळगावला फोन लावायला सांगितलं आणि बहिणीशी बराच वेळ बोलली, कधी स्वतः, कधी दाबून. बहिणीनं पलीकडे रडून घेतलं. त्रिशलानं बोट दाबलं: "आता रडणं पुरे, सुनेचं काय चाललंय ते सांग."

नवऱ्याशी बोलताना मात्र ती मोबाइल कधी वापरायची, कधी नाही. बाजारात काय आणायचं, डॉक्टरकडे कधी जायचं, ह्याला वापरायची. भरतेशना तिचा तो जुना आवाज ऐकून आत कुठंतरी कळ यायची, पण ते तसं म्हणाले नाहीत. व्यायामाला ते तिच्याबरोबर बसायचे. तिनं चित्राचं नाव शोधायचं, त्यांनी थांबायचं. डॉक्टरांच्या सहायक बाईंनी बजावलं होतं, की शब्द पटकन सांगून टाकू नका. हे थांबणं भरतेशना फार जड जायचं. यंत्राला नावं ठेवणं सोपं होतं. बायकोच्या तोंडातला अर्धा शब्द ऐकून उरलेला आपल्या पदरचा घालायची घाई त्यांनाही यंत्राइतकीच होती.

प्रणोती परत गेल्यानंतरची एक सकाळ. दोघं गच्चीत चहा घेत बसले होते. ऊन अजून कोवळं होतं. त्रिशला कप हातात धरून नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

"काय गं?"

"ते..." ती म्हणाली, "तुमचं ते..."

मोबाइलनं वाक्यं पुढं केली. तुमचं ते औषध घेतलं का. तुमचं ते नेहमीचंच. तुमचं ते पेपर वाचणं झालं का. सगळी तिचीच वाक्यं, वर्षानुवर्षं म्हटलेली. तिनं एकेक ऐकलं, दर वेळी मान हलवली, आणि शेवटी मोबाइल स्टुलावर पालथा घातला.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बोट केलं.

"चष्मा?" भरतेश म्हणाले. "चष्म्याला काही लागलंय? नाक? दाढी वाढलीय?"

ती हसायला लागली. मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. पेपर बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली, आणि थांबले. चहावर साय धरली. खालून कुणाची तरी रिक्षा गेली. ती शोधत होती, आणि ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"मि..." ती म्हणाली. "मिशी."

"मिशीचं काय?"

"काढा."

भरतेशच्या मिशा भरघोस होत्या. शेडमध्ये असताना त्या कापसाच्या कणांनी पांढऱ्या व्हायच्या, आता आपल्या आपणच पांढऱ्या झाल्या होत्या. लग्नाच्या फोटोत होत्या, प्रणोतीच्या बारशाच्या फोटोत होत्या. आजवर कुणी त्या मिशांबद्दल काही म्हटलं नव्हतं. "का? काय झालं तिला?"

"आवडत... नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या..." ती थांबली. "पहिल्या..."

"दिवसापासून?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

तिनं जोरानं मान हलवली. ते नव्हतं. तिनं हातातला कप वर केला, त्यांना दाखवला, आणि शब्द एकेक करून उचलून आणल्यासारखी म्हणाली, "पहिल्या... चहापासून. बघायला... आलात. साय." तिनं वरच्या ओठावरून बोट फिरवलं. "मिशीला. सगळे... बघत होते. तुम्ही... तसेच."

भरतेश आठवायला लागले. तिच्या घरची बैठक, सतरंजी, चहाचे कप, समोर बसलेले तिचे वडील आणि काका, आणि आपण मोठ्या गंभीरपणे नोकरीची माहिती देतोय. मिशीला साय लावून.

"आणि हे तू मला आज सांगतीयस?"

"आज... सापडलं," ती म्हणाली.

ते उठून खाली गेले. आरशासमोर उभं राहून त्यांनी साबणाचा फेस केला, मिशी आधी कात्रीनं कापली, मग वस्तऱ्यानं साफ केली. वरचा ओठ उघडा पडला, तिथली कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी फिकट निघाली. गार पाणी लावलं तर एकदम शिरशिरी आली. टॉवेलनं तोंड पुसत ते गच्चीत परत गेले आणि तिच्यापुढं उभे राहिले.

त्रिशलानं त्यांची हनुवटी दोन बोटांत धरली. चेहरा उजेडाकडे वळवला, मग दुसऱ्या बाजूनं बघितला. बराच वेळ बघितला. मग कुठंही न अडखळता म्हणाली, "होती तीच बरी होती," आणि कप उचलून आत गेली.